मंदीत मोठं घर स्वस्त पडतं? कोल्हापुरात हिशोब उलटा बसतो

आपल्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: फ्लॅटची किंमत कर्जाच्या खाली गेली, म्हणजे ज्याला ‘निगेटिव्ह इक्विटी’ म्हणतात ते झालं, तरी रडत बसू नका. उलट मोठं घर घ्यायची हीच वेळ. ४० लाखांचा फ्लॅट २० टक्के उतरला तर तुमचं नुकसान ८ लाख, पण ८० लाखांचं घर तेवढंच उतरलं तर ते १६ लाखांनी स्वस्त. जुनं उरलेलं कर्ज बँक नव्या घरावर चढवून देते. नाहीतर जुना फ्लॅट भाड्याने द्या, हप्ता त्यातून निघेल. आणि काहीच जमलं नाही तर चावी बँकेत ठेवून मोकळे व्हा.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यातली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. फक्त दोन्ही घरं एकाच वेळी, एकाच टक्क्याने उतरली पाहिजेत. देशभर मंदी आली की तसं थोडंफार होतंही. पण कोल्हापुरात फ्लॅटचा भाव पडतो तो देशातल्या मंदीपेक्षा गल्लीतल्या पाण्याने. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, नागाळा पार्क आणि रमणमळ्याचा काही भाग, इथल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं की येणारा प्रत्येक गिऱ्हाईक आधी विचारतो, “पाणी कुठवर आलं होतं?” हाच माणूस मग पाचगाव, आर. के. नगरकडे उंचावरची जागा बघायला जातो. म्हणजे तुमचा फ्लॅट ज्या कारणाने उतरला, त्याच कारणाने तुम्हाला हवं असलेलं घर महाग होतं. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच जिन्याने खाली आणली आहेत. इथे एक खाली जातं, दुसरं वर.

बरं, समजा दोन्ही उतरली. मग पैसे कुठून? नव्या घरावर ‘वाचलेले’ १६ लाख तुमच्या खात्यात जमा होत नाहीत. जुन्या घराचा तोटा मात्र रोख भरावा लागतो.

हे आकड्यांत बघूया. ५० लाखांचा फ्लॅट, ४० लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता सुमारे ३४,७००. पाच वर्षांत जवळपास २० लाख ८० हजार भरून होतात आणि मुद्दल कमी होतं पावणेपाच लाखांनी. देणं उरतं ३५ लाख २५ हजार. फ्लॅटला आज ३६ लाख मिळत असतील तरी इथवर माणूस काठावर वाचतो. बुडतो तो मधेच इंटीरियरला किंवा लग्नाला घेतलेल्या पाच लाखांच्या टॉप-अपमुळे, म्हणजे त्याच घरावर काढलेल्या जादा कर्जामुळे. (आपल्याकडे घर कर्जाखाली दबण्याचं हे दुसरं मोठं कारण, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही.) देणं गेलं ४० लाखांच्या घरात. विकताना घेणाऱ्याची बँक ३६ लाख थेट तुमच्या बँकेला देते. वरचे चार लाख तुम्ही भरल्याशिवाय बोजा उतरत नाही, कागद सुटत नाहीत, खरेदीपत्र होत नाही.

आता शहर हद्दीतलं ८० लाखांचं घर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ६४ लाख. १६ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्क्यांनी ४ लाख ८० हजार (घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), नोंदणी ३० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. त्यात जुन्या घराचे चार लाख मिळवा: २५ लाखांच्या वर रोख हवी, आणि हप्ता टॉप-अपसकटच्या ३९ हजारांवरून साडेपंचावन्न हजारांवर. एवढी रोकड हाताशी असलेल्या माणसाला सल्ल्यासाठी फॉरवर्डची गरज पडत नाही.

“उरलेलं कर्ज नव्या घरावर चढवतात” हे वाक्य हवेतून आलेलं नाही, पण ते आलंय आयर्लंड-ब्रिटनमधून. आयर्लंडमध्ये २००७ नंतर घरांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या. लाखभर कुटुंबं नको त्या घरात अडकली तर बाजारच ठप्प होतो, म्हणून तिथल्या केंद्रीय बँकेने २०१५ मध्ये कर्जमर्यादा आणली तेव्हा अशा घरबदलूंना त्यातून वगळलं. ब्रिटनमध्येही काही कर्जदात्यांनी जुन्या ग्राहकांना तूट सोबत न्यायची मुभा दिली. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत अशी सूट नाही. इथे एजंट ‘मी करून देतो’ म्हणतो तेव्हा ती तूट वैयक्तिक कर्जात किंवा पतसंस्थेत जाते, घरकर्जाहून चढ्या व्याजाने. कर्ज तेच, फक्त महाग.

आणखी एक अडचण क्वचितच कुणी सांगतं. सरकारी रेडी रेकनरचा दर, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला भाव, गल्लीतलं पाणी मोजत नाही. तुमचा फ्लॅट रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली विकला, तर प्राप्तिकरासाठी रेकनरचीच किंमत मिळाली असं धरलं जातं. घेणाऱ्यालाही तो फरक उत्पन्न म्हणून लागू शकतो, शिवाय मुद्रांक रेकनरवर. तो हे सगळं तुमच्या भावातून कापून घेतो.

भाड्याचं फार बोलायला नको. ३६ लाखांच्या फ्लॅटला महिना बारा हजार धरा. जुना हप्ता टॉप-अपसकट ३९ हजारांच्या आसपास. नवं कर्ज देताना बँक हा हप्ता तुमच्या पगारातून आधी वजा करते. पूर आला त्या वर्षी भाडेकरू राहील का, हे वेगळंच.

आता चावीचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहतं घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जातून असं घर सोडून सुटता येतं. इथे नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत वर्गात, मग २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस, मग ताबा आणि लिलाव. लिलावात जे कमी पडेल त्यासाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे किंवा दिवाणी न्यायालयात जाऊ शकते, आणि मागे लागते तुमच्याबरोबर जामीनदाराच्याही. आपल्याकडे जामीनदार म्हणजे बहुधा मेव्हणा नाहीतर ऑफिसातला मित्र. चावी देऊन मोकळे होणाऱ्याने दिवाळीला सासुरवाडीला कसं जायचं, तेही मेसेजमध्ये लिहायला हवं होतं.

घर खरंच अपुरं पडत असेल, आई-वडील गावाकडून राहायला आले असतील, मुलं मोठी झाली असतील, तर घाई न करता दोन कागद मागवा: बँकेकडून आजच्या तारखेचं येणं बाकीचं पत्र, आणि मूल्यांककाचा अहवाल. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा खरा खड्डा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. बोनस आला, उसाचं बिल आलं की आधी टॉप-अप मारा. तोवर मोठी जागा भाड्याने घेऊन राहता येतं, त्यात कमीपणा काही नाही. आणि नवं घर बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचनच्या आधी महापालिकेच्या नगररचना विभागात तो सर्व्हे नंबर निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (क्वचितच्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या कुठल्या बाजूला पडतो ते विचारा.