तेल तिकडचं, मळी इकडची

ई-20 पेट्रोलवरून 2025 च्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपली, ती अजून मिटलेली नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं. सरकारनं ते अलीकडं ओढलं आणि गाठलंही. एका बाजूला जुन्या मोटरसायकलीचं ॲव्हरेज पडलं म्हणून वैतागलेले काका, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात ऊस लावणारा मावसभाऊ, कारण इथेनॉल उसाच्या मळीपासूनही होतं. त्याचं गणित सरळ आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांच्या वर बाहेरून येतं. तो पैसा आखातात जाण्याऐवजी ऊसवाल्याच्या खात्यावर आला, तर कुणाच्या पोटात का दुखावं? आणि भांडण रंगात आलं की दोघंही माझ्याकडं वळतात: "तू नॉर्वेत बसलायस, तिकडं कसं स्वच्छ आहे ते सांग जरा."

सांगतो, पण त्यांना हवं तसं नाही. मी राहतो ते स्टावांगर म्हणजे नॉर्वेचं तेलाचं गाव. 1969 मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा सापडला आणि या देशाचं नशीब पालटलं. आज रस्त्यावर आवाज नाही, धूर नाही. 2024 मध्ये इथं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के निव्वळ बॅटरीवरच्या होत्या. वीज बहुतेक सगळी धरणांची. आणि समुद्रातून निघणारं तेल आणि गॅस? ते जवळपास सगळं बाहेर विकलं जातं. जो जाळेल त्याच्या खात्यावर धूर, आणि फायदा इथल्या सरकारी निधीत, जो जगातला सर्वांत मोठा आहे. इथल्या पर्यावरणवाल्यांना हे दिसत नाही असं नाही. बॅरेंट्स समुद्रातल्या तेलशोधाच्या परवान्यांविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर 2020 मध्ये हरले.

गाड्यांचं म्हणाल, तर माणसं शहाणी म्हणून बॅटरीकडं वळली नाहीत. पेट्रोलच्या गाडीवर जबर कर आणि विजेच्या गाडीला वर्षानुवर्षं माफी, म्हणून वळली. शहरांत टोल वाढले तेव्हा हीच माणसं चवताळली; 2019 च्या स्थानिक निवडणुकीत बर्गनसारख्या शहरात टोलविरोधी पक्षाला भरघोस मतं पडली. टोल हटवलेल्या कोल्हापूरकराला यात नवल वाटायला नको.

आता आपल्याकडं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायला घालायच्या-काढायच्या फळ्या, असतात, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला बरगे घालून पंचगंगेचं पाणी अडवलेलं असतं, प्रवाह नसतो. मग एखाद्या सकाळी तेरवाड बंधाऱ्यावर पाणी काळपट तपकिरी, वर फेस, कडेला केंदाळात अडकलेले मासे पोटं वर करून. लोक जमतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं येतात, बाटल्या भरतात, पंचनामा होतो. आणि शेवटी काय, तर बरगे काढून घाण पुढं सोडायची. पुढच्या गावानं बघावं. मला विचाराल तर नॉर्वेनं तेलाबाबत हेच केलंय: बरगे काढलेत.

मावसभावाचं गणित इथंच अर्धं राहतं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण दहा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे काळपट सांडपाणी, निघतो, कधी जास्तच. तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून खत करायचं, बाहेर थेंब सोडायचा नाही, असा नियम आहे. नियम पाळला तर इथेनॉलबद्दल माझी तक्रार फारशी नाही, उसाला लागणारं पाणी सोडून. पण पेपरात "मळीमिश्रित पाणी" हे शब्द दर हंगामात छापून येतात, ते काय उगाच? आयातीचं बिल कमी होणं आणि नदी स्वच्छ होणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक झालं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही, उलट बिघडूही शकतं.

दोष एकट्या साखर कारखान्यांचा नाही, हेही खरं. कोल्हापूरचं सांडपाणी जयंती नाल्यातून, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी काळ्या ओढ्यातून, असं सगळं त्याच नदीत. परिणाम बघा: पंचगंगेच्या काठावर वसलेल्या इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची साथ येऊन माणसं दगावली. प्यायला पाणी कृष्णेतून आणावं लागलं, मग वारणेतून मागितलं तर तिच्या काठचं दानोळी गाव विरोधात उठलं, दूधगंगेतून मागितलं तर कागल. नदी घाण करायची आणि शेजाऱ्याची मागायची. शेजारी चिडला तर नवल काय! शिरोळला बाटली घेऊन उभा राहणारा कार्यकर्ता मात्र "ऊसविरोधी", "कारखाना बंद पाडायला निघालाय" ठरतो.

आपल्याला जमतच नाही असं मी म्हणणार नाही. गणपतीच्या मूर्ती पंचगंगेत न सोडता दान द्या, कोल्हापुरातल्या इराणी खणीत विसर्जन करा, असं कार्यकर्ते सांगू लागले तेव्हा धर्मावर घाला म्हणून ओरड झाली. तरी आज घरोघरचे लोक मुकाट्यानं मूर्ती देतात. कारण नुसतं "नको" म्हटलं नाही, काहिली आणि ट्रॉल्या गल्लीच्या तोंडाला आणून ठेवल्या.

डिस्टिलरीतून बाहेर काय जातं ते मोजणारी ऑनलाइन यंत्रं केंद्रीय मंडळानं सक्तीची केलेली आहेत. त्यांचे आकडे मंडळाच्या संगणकावर जातात. तेच आकडे खालच्या अंगाच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लागावेत आणि बरगे कधी काढणार हे आदल्या दिवशी दवंडी देऊन कळावं, एवढं मी ग्रुपवर मागितलं. काकांनी पसंतीचा अंगठा टाकला. मावसभावानं लिहिलं, "फलक लाव, पण आधी उसाचं बिल वेळेत द्यायला सांग कारखान्याला." त्याचंही खोटं नाही. तोही आकडा त्याच फलकावर लागू दे.