वावर विका, कादंबरीकार व्हा

विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवणारा नामवंत कादंबरीकार व्हायचं असेल, तर आधी कादंबरी लिहायला घेऊ नका. आमच्या विदर्भातले बहुतेक पोट्टे इथंच चुकतात. दारव्हा-दिग्रसकडचा नाही तर आर्वी-आष्टीकडचा एखादा पोरगा रात्री गोठ्यातल्या बल्बखाली बसून दोनशे पानी वही भरतो आणि ती पिशवीत घालून एस.टी.नं आपल्याकडे येतो. लिहिता येतं म्हणजे लेखन शिकवताही येईल, असं त्याला वाटत असतं. भोळं लेकरू! त्याला बसवा, चहा पाजा आणि विचारा, "नेट झालं का?"

आधी एम.ए., मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग पीएच.डी., मग वावर आणि उरलाच वेळ तर कादंबरी, असा क्रम आहे. यातला वावराचा, म्हणजे शेत विकण्याचा, टप्पा कुठल्याच नियमावलीत सापडत नाही. कायम जागेची जाहिरात निघाली की तिच्यात न छापलेला मजकूर संस्थेच्या भाऊसाहेबांच्या ओसरीत कळतो. भाऊसाहेब स्वतः आकडा सांगत नाहीत. ते तुमच्या आजोबांची आठवण काढतात, यंदाच्या पावसाबद्दल बोलतात आणि उठता उठता म्हणतात, "इमारत निधीचं आमचे साळभाऊ पाहतात." साळभाऊ बाहेर बुलेटवर बसलेले असतात.

बापाकडे पाच एकर असेल तर तीन विका. दोन एकर राहू द्या, पुढे मुलाखतीत 'मी आजही शेतकरी आहे' असं सांगायला लागतं. बाप काही म्हणणार नाही. रजिस्ट्री ऑफिसात मशीन त्याचा अंगठा घेणार नाही, कारण रेघा झिजलेल्या असतात. बाबू म्हणेल, "पुसा, पुसा, पुन्हा ठेवा." बाप धोतराला अंगठा पुसेल, पुन्हा ठेवेल, पुन्हा पुसेल. हे सगळं डोळे उघडे ठेवून पाहा. रडू नका, टिपण घ्या. तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण इथून सुरू होणार आहे. जमीन विकणाऱ्या बापावर लिहायची तर आधी त्याची जमीन विकायला लावण्याइतकी सखोल अनुभूती दुसरी नाही.

वावर गेलं तरी लगेच जागा मिळते असं नाही. कुणाची मान्यता यायची असते, कुणी कोर्टात गेलेलं असतं, आरक्षणाचं रोस्टर तपासायचं असतं. तोवर तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. शिकवाल तेवढ्या तासांचा पैसा, तोही कधी दिवाळीनंतर, कधी होळीनंतर. उन्हाळ्यात तास नसतात, म्हणून पोटही नसतं असं शासनानं धरलेलं आहे. या काळात लग्नाची स्थळं येतात, 'पर्मनंट आहेत का' एवढं विचारतात आणि जातात. तुमच्या आयुष्यातली खरी कादंबरी याच वर्षांत घडते, पण ती लिहू नका. सीएचबीवाल्यानं लिहिलं की ते गाऱ्हाणं होतं. पर्मनंटवाल्यानं लिहिलं की वास्तववाद.

या दिवसांत हात मोकळा ठेवायचा तर भाऊसाहेबांच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ अंगावर घ्या. भाऊसाहेबांनी लहानपणी कंदिलाखाली अभ्यास केला, पुरात पोहून शाळा गाठली आणि गरिबांसाठी सतरा कॉलेजं काढली, हे साडेतीनशे पानांत पटवून द्यायला कल्पनाशक्ती लागते. सर्जनशील लेखनाचा इतका सराव मला तरी दुसरीकडे कुठे मिळाला नाही. (चुकून स्वतःचं सांगून गेलो. असो, आपण तुमच्याविषयी बोलत होतो.)

मग एक दिवस ऑर्डर येते. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. हिशेब शिकून घ्या, बायकोला सांगायला बरा पडतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे दर महिन्याला सात क्विंटलच्या वर कापूस, तोही न पेरता, न डवरता, न फवारता. पाऊस येवो न येवो, 2017 सारखी गुलाबी बोंडअळी पडो न पडो. कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर बाप गावभर पेढे वाटायचा. तुम्ही वाटू नका, इन्कम टॅक्स कापून जातो.

आता शिकवणं. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याला महत्त्व आलं आणि 'सर्जनशील लेखन' नावाचा पेपर तुमच्या वाट्याला आला. 2 क्रेडिट, म्हणजे 30 तास. पहिल्या पानावर निष्पत्ती लिहावी लागते. 'हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर विद्यार्थी कथा, कविता व कादंबरी लिहू शकेल.' खुशाल लिहा. कपाशीला पेरणीपासून वेचणीपर्यंत पाच-सहा महिने लागतात. कादंबरीकार 30 तासांत हाती येतो, त्यातही पाच तास पोळ्याच्या आणि गणपतीच्या सुट्ट्यांत जातात.

कुणी शंका काढलीच की हे शिकवून येतं का, तर आयोवाचं नाव घ्या. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1936 पासून लेखनाची कार्यशाळा चालते. एकाचं लेखन बाकीचे आधी वाचून येतात, टेबलाभोवती बसून त्याची चिरफाड करतात आणि लिहिणाऱ्यानं तोंड मिटून ऐकायचं, अशी तिथली जुनी रीत. आयोवा मक्याचा मुलूख, आपला कपाशीचा, एवढाच काय तो फरक, असं म्हणून टाळ्या घ्या. आपल्याकडे मात्र रीत थोडी वळवून घ्यावी लागते. इथं लेखक बोलतो आणि टेबल गप्प बसतं, कारण वर्गातला लेखक म्हणजे तुम्ही.

स्वागताच्या भाषणात संतांची नावं घ्यायला विसरू नका. आपल्या विदर्भातल्या दोन मोठ्या विद्यापीठांना गाडगेबाबांचं आणि तुकडोजी महाराजांचं नाव आहे. दोघांचाही शाळेशी संबंध बेताचाच. एकानं हातात खराटा घेऊन रात्रभर माणसं खिळवून ठेवली, दुसऱ्यानं खंजिरीवर गावंच्या गावं उभी केली. आज दोघंही आपापल्या विद्यापीठात अर्ज घेऊन आले असते, तर छाननीत बाद झाले असते. पण हे बोलू नका, फक्त फोटोला हार घाला आणि अंगावर ऊन येणार नाही अशा बाजूला उभे राहा. फोटो जिओटॅग हवा, म्हणजे अक्षांश-रेखांश छापलेला. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकचे सगळे निकष फोटोवर चालतात. एकाच दुपारी त्याच तीस पोरांना बसवून मागचा बॅनर चार वेळा बदला. कथालेखन कार्यशाळा, काव्यलेखन कार्यशाळा, मराठी भाषा पंधरवडा, महिला सक्षमीकरण. फक्त पहिल्या रांगेतल्या पोट्ट्यांचे शर्ट अदलाबदल करायला सांगा. आमच्या एका सहकाऱ्यानं ते केलं नाही आणि समितीतल्या बाईंनी एकच हिरवा शर्ट चार महिन्यांत चार वेळा ओळखला.

कादंबरीची घाई अजूनही नको. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत भाषा विषयातल्या एका शोधनिबंधाला प्राध्यापकाच्या खात्यावर 10 गुण आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकालाही 10. चार वर्षं खपून लिहिलेली कादंबरी पुस्तक म्हणून मोजलीच, आणि प्रकाशक राष्ट्रीय ठरलाच, तर ती सहा पानांच्या निबंधाच्या बरोबरीला येते. आणि निबंधासाठी चार वर्षं लागत नाहीत. पानठेल्याच्या वरच्या खोलीतून निघणारं एखादं आंतरराष्ट्रीय नियतकालिक शोधा. सकाळी फोनवरून पैसे पाठवा, संध्याकाळी तुमचा निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असतो.

मात्र एक दिवस कादंबरी लिहावीच लागते, नाही तर पत्रिकेत 'सुप्रसिद्ध कादंबरीकार' कुणाच्या नावापुढे छापायचं? अशा वेळी गावाकडे धावू नका. गाव तुमच्या वर्गात सेकंड ईयरला बसलेलं असतं. पोरांना गृहपाठ द्या. 'माझ्या घरातील एक आठवण', दोन पानं, अंतर्गत मूल्यमापनाचे 10 गुण. एरवी जी पोरं तोंड उघडत नाहीत ती या दोन पानांत काय काय ओतून देतात! सावकार, गहाण टाकलेली डोरली, फवारणीत विष चढून दवाखान्यात पडलेला काका, बहिणीच्या लग्नासाठी विकलेली बैलजोडी.

शेवटच्या बाकावर एक पोट्टी असेल. सकाळी सहाच्या गाडीनं येणारी, डब्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा. ती आजीवर लिहील. आजी सीतादही कशी करायची ते. कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या दिवशी आजी वावरात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा करायची, दहीभात ठेवायची आणि मग बायांना म्हणायची, "लागा वं आता. लक्ष्मी हाय ते, तोडू नका, येचा." पोट्टीनं ते जसंच्या तसं लिहिलेलं असेल. 'मले', 'तुले', 'काहून', सगळं.

लाल पेन काढा. 'मले' खोडून 'मला' करा, 'काहून'वर गोल करून समासात 'अशुद्ध' लिहा. 10 पैकी 5. बोलीभाषेत लिहिण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो. तो अनुभवी लेखकाला असतो. पोट्टी विचारेल, "सर, पण आमची बुढी असंच बोलते." तुम्ही प्रेमानं म्हणा, "बेटा, आधी प्रमाण भाषा यावी लागते." मग संध्याकाळी ती दोन पानं घरी घेऊन या.

आजी उचला. 'लक्ष्मी हाय ते' उचला, ओळ फार सुंदर आहे. सीतादहीही उचला, फक्त ती वेचणीतून काढून पेरणीत टाका. वेचणी म्हणजे भरलेलं वावर, आनंदाचे दिवस, बायांची गाणी. त्याच्यात शोकांतिका बसत नाही. पेरणीला काळे ढग येतात, म्हातारी आभाळाकडे बघते, दहीभाताच्या वाटीत पहिला थेंब पडतो. पुण्याच्या परीक्षकाला हा थेंब फार आवडेल. त्यानं ना सीतादही पाहिलेली असते, ना पऱ्हाटी. तुम्हीही बऱ्याच वर्षांत पाहिलेली नसते, पण तुमच्या बायोडाटात जन्मस्थळ 'खेडं' असं आहे, तेव्हा तुमचं कोण तपासणार?

एक सावधगिरी. संशोधन करताना म्हाइंभटांच्या वाटेला जाऊ नका. इथंच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यासाठी हा माणूस चक्रधरस्वामींना पाहिलेल्या लोकांकडे जाऊन आठवणी गोळा करत फिरला आणि एखाद्याची आठवण वेगळी पडली तर तीही नोंदवून ठेवली. मराठी गद्याची सुरुवातच अशा वेडेपणानं झाली. प्रत्येक ओळ कुणाकडून ऐकली हे सांगत बसलात तर तुमचं स्वतःचं म्हणून काय उरेल?

अर्पणपत्रिका बापाला. 'ज्यांनी मातीत हात घातले त्यांना' वगैरे. प्रकाशनाला बापाला पहिल्या रांगेत बसवा. त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि तो पुस्तक वाचणार नाही, दोन्ही गोष्टी सोयीच्या आहेत. शाल भाऊसाहेबांच्या हस्ते.

पुढचं आपोआप होतं. एखादा पुरस्कार, एखादं जिल्हा संमेलन, नाव चाललं तर अखिल भारतीय संमेलनाचा परिसंवादही. विदर्भात ते अधूनमधून येतं; 2012 मध्ये चंद्रपूरला आलं, 2019 मध्ये यवतमाळला, 2023 मध्ये वर्ध्याला. 'ग्रामीण साहित्य : दशा आणि दिशा' हा विषय दर वेळी मोकळा असतो. बोलायला मंचावर आठ जण आणि ऐकायला त्यांचे नातेवाईक. तिथं "गाव हरवत चाललंय" एवढं म्हणून पाणी प्या. गाव अमुक ठिकाणी आहे, तिथली एस.टी. बंद झाली आहे, असं नेमकं काही सांगू नका; नेमकं बोललं की लोकांना राजकारणाचा वास येतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम अभ्यास मंडळावर जाणं. तिथं साहित्यव्यवहार साधा असतो. तुम्ही त्यांची कादंबरी एम.ए.ला लावा, ते तुमची बी.ए.ला लावतात. बाजारात पाच वर्षांत जेवढ्या प्रती खपल्या नसत्या तेवढ्या एका जूनमध्ये खपतात आणि जुलैत गाईड निघतं. मग कुणीतरी तुमच्या कादंबऱ्यांतील ग्रामजीवनाच्या चित्रणावर पीएच.डी.ला नाव नोंदवतो. मार्गदर्शक कोण, हे विचारायचं नसतं.

आणि मग उन्हाळ्यात, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उकाड्यात, कूलरसमोर बसून तुम्ही पेपर तपासायला घेता. प्रश्न तुमच्याच कादंबरीवर, 'कृषिसंस्कृतीचे चित्रण सोदाहरण स्पष्ट करा', गुण 15. पोरांनी गाईडातलं उतरवलेलं असतं. पेरणी, काळे ढग, वाटीतला थेंब. अकरा, बारा, अकरा असे गुण देत चला.

मधेच एक उत्तरपत्रिका लागेल. तिच्यावर नाव नसतं, बारकोड असतो, पण अक्षर तुम्ही ओळखाल. लिहिलेलं असेल, 'सीतादही पेरणीत नसते. कापूस फुटल्यावर पहिल्या वेचणीच्या दिवशी असते. पेरणीत पूजा कशाची करणार, तेव्हा झाडच नसते. लेखकाने हे विचारून घ्यायला पाहिजे होते. आमची आजी दरवर्षी करायची. यंदा नाही केली, भावाच्या नोकरीसाठी वावर विकले.'

भाषा बघा, किती शुद्ध झाली आहे! एक 'मले' नाही, एक 'काहून' नाही. तुमच्या 30 तासांची निष्पत्ती इथं दिसते.

समासात 'विषयांतर' लिहा. 15 पैकी 4 द्या आणि पुढचा पेपर ओढा.