हिरा सुरी खात नाही: डायमंड दगडाविषयी फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या आईच्या डाव्या तर्जनीवर चार टाक्यांची खूण आहे. ती बोथट सुरीने दिलेली आहे. लाल भोपळ्याच्या सालीत पातं रुतलं, हलेना. तिने दोन्ही हातांचा जोर लावला, साल एकदम सुटली आणि सुरी घसरून बोटावर गेली. तिला संधिवात आहे, मनगटात आधीच ताकद कमी. त्या दिवसानंतर मी घरी धार लावायला शिकलो आणि डायमंडची पट्टी, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेला धार लावायचा दगड, विकत आणली.

म्हणूनच सध्या गटागटांत फिरणारा एक मेसेज वाचून मला गप्प बसवलं नाही. त्याचा सारांश असा: ‘घरच्या सुरीला डायमंडचा दगड कधीही लावू नका. हिरा पोलाद खातो, वर्षभरात सुरी संपते. पाण्यात उतरणारा काळा रंग हाच त्याचा पुरावा. स्वस्त दगडांत हिरा नसतोच. तेल न घालता घासलं तर धार जळते. सुरी दगडावर धरायचा कोन यंत्राशिवाय साधत नाही. त्यापेक्षा कपाच्या बुडावर घासा, नाहीतर फॉइल कापा, किंवा धारवाल्याकडे द्या. आणि घरात इतकी धार हवीच कशाला? बोथट सुरीने हात कापत नाही.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण माणसाला इजा होईल असं त्यातलं वाक्य तेच आहे. धार असलेली सुरी टोमॅटोवर ठेवली की स्वतःच्या वजनाने सालीत शिरते. बोथट सुरी सालीवरून सरकते. मग आपण दाबतो, आणि दाबलेला हात सुटला की थांबवता येत नाही. धारदार सुरीनेही कापतं, हे खरं. पण तिला जोर लागत नाही, त्यामुळे ती कुठे जाणार हे हाताला ठाऊक असतं. कांद्याचंही तसंच. २०२५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा चिरताना उडणारे थेंब वेगवान कॅमेऱ्याने टिपले. पातं बोथट असेल तर कांद्याचा पापुद्रा फाटण्याआधी वाकतो, आत दाब साठतो, आणि मग रसाचे थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उसळतात. डोळ्यांतल्या पाण्याचा दोष आपण उगाच एकट्या कांद्याला देतो.

आता मुख्य आरोप: हिरा पोलाद खातो. धार लावणं म्हणजेच पोलाद घासून काढणं. आजी ज्या निसण्यावर सुरी पाजवायची तोही पोलादच खायचा. कुरुंदाचा दगडही तेच करतो. (इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द आपल्या दक्षिणेकडच्या भाषांतूनच तिकडे गेला.) कठीणतेच्या मोजपट्टीवर कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर, म्हणून हिरा लवकर कापतो. पण बोथट कड पुन्हा टोकदार होण्यासाठी जेवढं पोलाद जायला हवं तेवढंच जातं, दगड कोणताही असो. कुरुंदावर कदाचित शंभर फेरे लागतील, हिऱ्यावर तीस. काम झाल्यावरही घासत राहिलं तर मात्र पोलाद फुकट जातं, आणि हिऱ्यावर ते लवकर जातं. ही चूक घासणाऱ्याची आहे, आणि ती टाळता येते.

कुठे थांबायचं हे सुरीच सांगते. एका बाजूने घासत गेलं की पलीकडच्या बाजूला पोलादाची केसाहून बारीक किनार उलटते. कारागीर तिला ‘बर’ म्हणतात. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच सरकवला की ती अडकल्यासारखी जाणवते. धारेच्या लांबीने अंगठा कधीही फिरवू नका. टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत बर लागली की ती बाजू झाली. मग दुसरी बाजू. शेवटी आलटून पालटून अगदी हलके पाच-सहा हात मारून ती बर काढून टाकायची आणि जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून, उलट्या दिशेने सुरी ओढायची.

दगड किती भरड आहे यावरही बरंच अवलंबून आहे. ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा: आकडा जितका मोठा तितके कण बारीक. ३२५ ग्रिटच्या पट्टीवरचे कण साधारण ४५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ६०० चे २५ च्या आसपास, तर १२०० चे ९ च्या आसपास. जो माणूस २०० किंवा ३२५ ची पट्टी दर रविवारी सुरीवर घासेल त्याची सुरी खरोखर झिजेल, त्याला मेसेज खराच वाटेल. भरड बाजू धारेला खाच पडली असेल किंवा सुरी अगदीच मेली असेल तेव्हाच वापरायची. रोजच्या भाजीच्या सुरीला दीड-दोन महिन्यांनी बारीक बाजूचे थोडे हात पुरतात. आमची सुरी चार वर्षं अशीच चालली आहे. नवी पट्टी सुरुवातीला फार खरखरीत लागते, कारण वर उभे राहिलेले, नीट न रुतलेले कण अजून निघालेले नसतात. पाच-सहा सुऱ्या झाल्या की ती शांत होते. पहिल्याच दिवशी चांगली सुरी तिच्यावर धरू नये, एखादी जुनी घ्यावी.

‘धार जळते’ या वाक्यामागे एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती चुकीच्या जागी लावली आहे. हिरा म्हणजे कार्बन, आणि फार तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो. म्हणूनच कारखान्यात वेगाने फिरणाऱ्या चाकावर पोलाद घासायला सहसा हिरा वापरत नाहीत, क्युबिक बोरॉन नायट्राइड हा दुसरा अतिकठीण पदार्थ वापरतात. पण ती उष्णता शेकडो अंशांची असते. हाताने सावकाश ओढलेली सुरी कोमटसुद्धा होत नाही. तेलाची गरज नाही. पाण्याचे चार थेंब, हवं तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे. भिजत ठेवायलाही लागत नाही.

खरी जळण्याची भीती उलट कोरड्या, वेगवान चाकावर असते, म्हणजे मेसेज जिथे पाठवतो तिथेच. हे लिहिताना मला धारवाल्यांचा अनादर करायचा नाही. महाराष्ट्रात शिकलगारांनी पिढ्यान् पिढ्या शस्त्रं पाजवली, आणि सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली फिरणाऱ्या माणसाच्या हातात जी नजर असते ती माझ्याकडे नाही. विळी, कोयता, कात्री मी आजही त्यालाच देतो. विळीचं पातं मऊ असेल तर हिऱ्याचे कण त्यात खोल ओरखडे काढतात, तिथे साधा दगडच बरा. पण पातळ स्टेनलेस सुरी चाकावर दाबून धरली आणि धारेशी पिवळा-निळा रंग चढला, तर तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं असं समजा. ती धार महिनाभरही टिकत नाही. सुरी द्यायचीच असेल तर मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. चांगला कारागीर ते आपणहून करतो.

स्वस्त दगडात हिरा नसतो? दागिन्यातल्या हिऱ्याची किंमत डोक्यात ठेवून केलेला हा हिशेब आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात कृत्रिम हिरा तयार झाला आणि १९५५ मध्ये ते जाहीर झालं. तेव्हापासून उद्योगांसाठीची हिऱ्याची भुकटी स्वस्तच होत गेली आहे. पट्टीवर हे कण निकेलच्या मुलाम्याने बसवलेले असतात. स्वस्त पट्टीत फसवणूक होते ती मुलाम्यात आणि सपाटपणात. स्टीलची फूटपट्टी तिच्यावर उभी धरून उजेडाकडे बघा. मधून प्रकाश दिसला तर घेऊ नका.

कोनासाठी यंत्र नको, कागद हवा. कागदाचा कोपरा ९० अंशांचा. एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. भाजीच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश पुरतात, म्हणजे त्या घडीहून जरा खाली. माप हवं असेल तर ४ सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ साधारण १४ मिलिमीटर उचलली की २० अंश होतात, करंगळीच्या जाडीएवढी. मूळचा कोन सापडत नसेल तर धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा आणि दोनच हात मारा. शाई वरच्या कडेची गेली तर पाठ खूप खाली आहे, फक्त धारेलगतची गेली तर खूप वर, आणि सगळी गेली तर बरोबर. मला हे साधायला तीन रविवार लागले. दाब मात्र बोटांच्या वजनापुरताच ठेवा, कारण जोराने हिऱ्याचे कण मुलाम्यातून उपटले जातात.

कपाच्या बुडाचा सल्ला खोटा नाही. तिथली चकाकी नसलेली कडा बारीक दगडासारखी चालते, पाहुणे दारात असताना उपयोगीही पडते. पण मेलेल्या सुरीला ती उठवत नाही. फॉइलचं तर सोडूनच द्या: अ‍ॅल्युमिनियम पोलादाहून मऊ, ते पोलादाला घासणार कसं?

राहिलं काळं पाणी. ती सुरीतून निघालेली पोलादाची भुकटी आहे, आणि धार लागते आहे एवढंच ती सांगते. भाजीला लावण्याआधी सुरी साबणाने धुऊन कोरडी पुसा. पट्टीही ब्रशने घासून, पुसून ठेवा. हिरा गंजत नाही, पण बहुतेक पट्ट्यांमध्ये त्याच्याखाली पोलाद असतं.