ड्रॅगोबा आणि आमचे आबा

लेकीच्या वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जरा गरमागरमी झाली. विषय साधा होता, मुलं झोपताना काय ऐकतात. मी लिहिलं, आमच्याकडे सध्या ड्रॅगन चालू आहे. लगेच एकीचं उत्तर आलं, "असली परदेशी भुताटकी कशाला? त्यातून मुलं शिकणार काय?" त्याखाली सात अंगठे. मी तिथे गप्प बसले, कारण उद्या डब्यात काय न्यायचंय हे मला त्याच ग्रुपवर विचारायचं असतं. इथे मात्र बोलते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

तर, 'शिकणार काय'. माझ्या लहानपणीच्या इसापनीतीत प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरात 'तात्पर्य' असायचं. कोल्हा छान उड्या मारत असायचा, द्राक्षं छान लटकत असायची, आणि खाली ती एक ओळ येऊन सगळ्यावर पाणी ओतायची. आमच्या बाई तर गोष्ट संपायच्या आधीच विचारायच्या, "मग काय बोध घेतलात?" आम्ही चाळीस पोरं एका सुरात सांगायचो, "गर्वाचं घर खाली." कुठल्याही गोष्टीला हेच उत्तर द्यायचो आणि बहुतेक वेळा ते चालून जायचं.

आम्ही सध्या वाचतोय ते 'माय फादर्स ड्रॅगन'. अमेरिकेतल्या रूथ स्टाइल्स गॅनेट यांचं, १९४८ सालचं. चित्रं काढलीत त्यांच्या सावत्र आईने, रूथ क्रिस्मन गॅनेट यांनी. (गोष्टींमध्ये सावत्र आयांना इतकं बदनाम केलंय आपण की हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.) लेखिका २०२४ साली गेल्या, वयाची १०० वर्षं पुरी करून.

गोष्ट अशी. एल्मर नावाच्या मुलाला एक म्हातारी मांजर भेटते आणि सांगते की लांबच्या एका बेटावर ड्रॅगनचं पिल्लू अडकलंय. ढगावरून पडलं, पंख दुखावला, तर तिथल्या जनावरांनी त्याला दोरीने बांधून टाकलं. का, तर नदीला वळसा घालून चालायचा कंटाळा. मग ड्रॅगनच्या पाठीवर बसून अलीकडून पलीकडे जायचं. म्हणजे हा आग ओकणारा महाभयंकर वगैरे कोणी नाहीच, बिनपगारी होडीचं काम करणारं एक पोर आहे. हे वाचलं त्या रात्री लेकीने विचारलं, "त्याला रविवारी पण सुट्टी नसते?" मी म्हटलं, नसते. ती बराच वेळ छताकडे बघत पडून राहिली. आता ग्रुपवरच्या बाईंना मी काय सांगू, ती काय शिकली? वेठबिगारी?

पण खरी गंमत वेगळीच झाली. हे पुस्तक सांगणारा कोणीतरी 'माझे बाबा लहान होते तेव्हा' असं सांगत जातो. एल्मर म्हणजे 'माझे बाबा'. पुस्तक इंग्रजीत, आणि मी वाचते मराठीत. डोळे इंग्रजीवर, तोंड मराठीत, जमेल तसं. त्यामुळे पहिल्याच पानावर मी वाचलं, "माझे बाबा लहान होते, तेव्हा एकदा थंडीपावसात त्यांना रस्त्यात एक म्हातारी मांजर भेटली." लेक उठून बसली.

"तुझे बाबा म्हणजे आबा?"

मी हो म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. दिवसभराची दमणूक होती, डोंबिवली लोकलमधून उभ्याने आले होते, 'अगं, हे निवेदकाचे बाबा' असं समजावण्याइतकं त्राण नव्हतं. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कणकवलीला फोन.

"आबा, तुम्ही ड्रॅगनला सोडवलंत?"

आमचे आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला कशाचंच फारसं नवल वाटत नाही. दोन सेकंद शांतता, मग, "सोडवलंय तर. पण तुका कोणी सांगल्यान?"

"पुस्तकात लिहिलंय."

"मगे खराच असतला."

त्या दिवसापासून पुस्तकातला ड्रॅगन आमच्या घरी मालवणी बोलतो. "बेगीन सोडव रे झिला, माका हयसून जावचा हा," असं. वाघ प्रमाण मराठी बोलतात, कारण ते जरा शिष्ट आहेत. गेंडा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखा बोलतो. (ते इथे फ्रेंडलिस्टमध्ये नाहीत, मी बघून घेतलंय.)

जोरात वाचण्याचं माझ्या मते हेच मर्म आहे. मनात वाचताना ड्रॅगनला आवाज नसला तरी चालतं. मोठ्याने वाचताना तुम्हाला ठरवावंच लागतं की हा बोलतो कसा, कुठल्या गावचा आहे, आणि समोरच्याला तू म्हणतो की तुम्ही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे लेखिकेला हा प्रश्न पडलाच नसणार. मला मात्र दर पानावर पडतो. एल्मर सात भुकेल्या वाघांच्या मधे उभा आहे, तो त्यांना 'अरे वाघांनो' म्हणेल का? छे! जिवावर बेतलंय, तो 'अहो वाघोबा'च म्हणणार.

आणि हे 'वाघोबा' म्हणता म्हणता मला जाणवलं की आपल्या भाषेने हे काम कधीच करून ठेवलंय. ज्याची भीती वाटते त्याच्या नावाला 'ओबा' लावायचं. वाघोबा, नागोबा. वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. नागपंचमीला आपण नागोबाला दूध-लाह्या दाखवतो, त्या दिवशी विळी-सुरी धरत नाही, तवा चढवत नाही, शेतात नांगर घालत नाही. चावला तर जीव जाईल हे पक्कं ठाऊक असलेल्या प्राण्याशी ठेवलेला हा घरोबा आहे. युरोपातला ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर बसतो, आपला नाग गुप्तधनावर. दोघांची ड्यूटी एकच. चीनमधला ड्रॅगन तर पाऊस आणतो, त्याचं नातं आगीशी नाही, पाण्याशी. मग परदेशी म्हणजे नक्की किती परदेशी? लेकीने तर दुसऱ्याच रात्री त्याला 'ड्रॅगोबा' करून टाकलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

बरं, एल्मर लढतो कसा तेही बघा. तलवार नाही, काही नाही. पाठीवर पिशवी, त्यात च्युइंगम, दोन डझन गुलाबी लॉलीपॉप, रबरबँड, टूथब्रश, सहा भिंगं, कंगवा, सात रंगांच्या रिबिनी. ही यादी वाचताना लेक प्रत्येक वस्तूला बोट मोडते, आणि मी एखादी गाळली तर लगेच पकडते. वाघांना च्युइंगम, गेंड्याला त्याचं शिंग घासायला ब्रश, सिंहाला आयाळ विंचरायला कंगवा, कारण त्याची आई यायचीय आणि तिला विस्कटलेली आयाळ खपत नाही. (इथे लेकीने माझ्याकडे असं काही पाहिलं, की सकाळच्या वेणीचा सगळा हिशेब त्यात होता.) जो आडवा येईल त्याला त्याच्याच सोयीचं काहीतरी देऊन पुढे सटकायचं. हे कुठे ऐकलंय? 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' भोपळ्यातली आपली म्हातारी! तिच्याकडे लॉलीपॉप असते तर तिने तेही वापरले असते.

आता माझी खरी तक्रार. मैत्री करणारा ड्रॅगन मला हवाय, पण हल्लीच्या बऱ्याच चित्रपुस्तकांतला ड्रॅगन मला सोसत नाही. गुबगुबीत, मोठे डोळे, दुधाचे दात. त्याला आग येते म्हणजे राग येतो, मग तो पाच आकडे मोजतो, खोल श्वास घेतो, सगळ्यांना सॉरी म्हणतो आणि खाऊ वाटून खातो. ड्रॅगन नाही तो, शाळेतला समुपदेशक आहे, फक्त शेपटी लावलेला. ते तात्पर्यच परत आलंय, आता आर्ट पेपरवर आणि साडेचारशे रुपयांना. ज्याच्याशी मैत्री करायला जरासुद्धा धाडस लागत नाही, त्याच्याशी मैत्री केली याचं मुलाला काय अप्रूप?

यापेक्षा १८९८ सालच्या केनेथ ग्रॅहम यांच्या 'द रिलक्टंट ड्रॅगन'मधला ड्रॅगन बघा. आळशी, कवितेचा नाद असलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण गावाला लढाई बघायचीय आणि ड्रॅगनला मारणारे सेंट जॉर्ज येऊन ठेपलेत. मग एक धनगराचा पोरगा मधे पडतो आणि दोघांची चक्क नुरा कुस्ती ठरवतो! भाला कुठे टोचायचा तेसुद्धा आधी बघून ठेवतात. तरीही वाचताना पोटात गोळा येतो, कारण भाला खरा आहे, जबडा खरा आहे आणि गाव खरोखर बोंबलतंय.

भीतीचं म्हणाल तर आम्ही चांदोबा वाचून मोठे झालो. दर महिन्याला विक्रम खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चाललेला. चित्रकार शंकर यांचं ते चित्र आजही डोळे मिटले की दिसतं. उपड्या लोंबकळणाऱ्या वेताळाने आमचं काही वाकडं केलं नाही, तर पट्ट्यापट्ट्यांच्या एका ड्रॅगनच्या पिल्लाने काय होणार? एक रात्र लेकीने बाथरूमचा दिवा चालू ठेवायला लावला, हे कबूल. दुसऱ्या रात्री तिनेच बंद केला. ड्रॅगोबाला उजेडात झोप येत नाही म्हणे.

चित्रांबद्दल एक सांगायचंच राहिलं. या पुस्तकात आतली चित्रं काळीपांढरी आहेत. ड्रॅगनच्या अंगावर पिवळे-निळे पट्टे आहेत, पंख सोनेरी आहेत, हे शब्द सांगतात आणि रंग मुलाने मनात भरायचे. आमच्या लेकीने ते मनात न भरता मेणखडूने पुस्तकातच भरले. निळा खडू संपला म्हणून शेपटी जांभळी झाली. नवरा म्हणाला, "अगं, चांगलं पुस्तक होतं." मी त्याला म्हटलं, अजूनही आहे. त्या पानावर आता खडूचा थर इतका जाड झालाय की पान उलटताना कडकड वाजतं.

आणि चित्र असलं की वाचणाऱ्याने घाई करू नये. मला आधी सवय होती, मजकूर संपला की पान उलटायचं. लेक पानावर हात ठेवून अडवते. मी वाचत असते तेव्हा ती चित्र वाचत असते, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. हा ड्रॅगन प्रत्यक्ष भेटतो तोही थेट शेवटच्या प्रकरणात! नाव त्याचं आणि तो येतो शेवटी. आमचे बारा दिवस गेले तिथे पोचायला, आणि ते बारा दिवस ती रोज विचारायची, "आज येईल?"

मराठीत असं का मिळत नाही, असं कोणी विचारेल. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आमच्याकडे झिजलीत, घर-अंगण-शेजार इतकं नेमकं कोणी दाखवलं नसेल. पण मराठीतच जन्मलेला, चित्रांतला, भरपूर दातांचा एखादा अचाट प्राणी मला तरी फारसा भेटला नाही. कोणी लिहीत असाल तर कृपा करून त्याला समुपदेशक करू नका. आणि तोपर्यंत इंग्रजी पुस्तक हातात असेल तर ते इंग्रजीत फाडफाड वाचून दाखवण्यापेक्षा आपल्या घरच्या बोलीत वाचा. अडखळाल, शब्द सापडणार नाही, मुलं हसतील. 'आयाळ', 'दोरखंड' हे शब्द लेकीला असेच मिळाले. एरवी रोजच्या बोलण्यात मी आयाळ कशाला म्हणणार होते?

गेल्या आठवड्यात आबा आले होते. शेवटचं प्रकरण त्यांनी वाचायचं असं लेकीने परस्पर ठरवून टाकलं होतं. आबांना इंग्रजी येत नाही आणि चष्मा कणकवलीलाच राहिला होता. त्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं, चित्रं बघितली आणि सुरू केलं. त्यांच्या गोष्टीत नदी म्हणजे आमची गड नदी होती, पिशवीत लॉलीपॉपच्या जागी खोबऱ्याच्या वड्या होत्या, आणि मगरींच्या पाठीवरून ते पलीकडे गेले तेव्हा त्यांनी मगरी मोजल्या. सोळा.

"आबा, सतरा," लेक म्हणाली. "पुस्तकात सतरा आहेत."

आबांनी पुस्तक आणखी लांब धरून पुन्हा एकदा चित्र बघितलं.

"सतराव्येची यष्टी चुकली," ते म्हणाले आणि पान उलटलं.