आपण पहिल्यापासूनच महिला क्रिकेट बघतो!

विश्वचषक आला, छान झालं. २ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्री नवी मुंबईत हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला, दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ वर आटोपला आणि आपण ५२ धावांनी जिंकलो. त्या रात्रीपासून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत महिला क्रिकेट न बघणारा माणूस औषधालाही सापडेनासा झाला आहे. जो तो जाणकार. त्या अंतिम सामन्यात फलंदाज शेफाली वर्माला गोलंदाजी द्यायला हवी हे हरमनप्रीतच्या आधी आमच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर ठरलं होतं म्हणे. अशा वेळी तुम्ही एकटेच मागे राहिलात तर चहा पिताना कुठे बघणार? म्हणून हे चार शब्द.

पहिल्यांदा एक वाक्य घोटून घ्या: "मी पयलेपाईन देखस भो!" म्हणताना पाय जमिनीवर घट्ट असावेत, नजर समोरच्याच्या डोक्यावरून जावी. कधीपासून, ते मात्र कोणी खोदून विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

मग मोबाईल हातात घ्या आणि १९ ऑक्टोबरचे मेसेज पुसा. हे काम विसरलात तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात. त्या रविवारी इंदूरला इंग्लंडच्या २८८ चा पाठलाग करताना आपला संघ २८४ वर थांबला, चार धावांनी हरला. त्याआधी दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडून हार झालेलीच होती, म्हणजे सलग तिसरी. तेव्हा 'मित्रपरिवार' ग्रुपवर पोळपाट-लाटण्याचे जे विनोद झाले, त्यांत तुमचे तीन होते. चौथा तुम्ही पुढे ढकललेला, त्याला हसून रडणारे चेहरे आले होते. ते सगळं काढा. काढता येत नसेल तर ग्रुप सोडा आणि दुसऱ्या दिवशी "चुकून लेफ्ट झालो" म्हणून परत या.

इंदूरचं निघालंच आहे तर अजून एक खबरदारी. धुळ्याहून आग्रा रोडने इंदूर म्हणजे आपल्याला घरअंगण. दिवाळीच्या तोंडावर साड्यांसाठी निम्मा खान्देश तिथे असतो, आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ल्याशिवाय कोणी परतत नाही. त्याच गावात विश्वचषकाचे पाच सामने होते. तुम्ही त्या दिवशी इंदुरात होता, हे तुमच्याच स्टेटसवर जिलेबीच्या फोटोसकट दिसतंय. "मग मॅचला का नाही गेलात?" असा प्रश्न आला तर म्हणा, तिकीट मिळालं नाही. गर्दीचं कारण कोणालाही पटतं, आणि महिला क्रिकेटला गर्दी होती असं बोलल्याचं पुण्यही लागतं.

आता इतिहास. इथे भलेभले घसरतात. पहिला विश्वचषक कधी झाला, असं कोणी विचारलं की तोंडातून फटकन निघतं: १९७५, लॉर्ड्स, क्लाइव्ह लॉइड. तो पुरुषांचा. बायकांचा त्याच्या दोन वर्षं आधी, १९७३ साली, इंग्लंडमध्येच झाला होता. म्हणजे एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक भरवायची कल्पना आधी बायकांनी करून दाखवली, मागून पुरुष आले. ही माहिती स्वतःजवळ ठेवा, आप्पांसमोर काढू नका. आप्पांना १९८३ चा संघ बाराव्या गड्यासकट पाठ आहे, त्यांच्या रक्तदाबाचा विचार करा. अगदीच विषय निघाला तर म्हणायचं, पुरुषांनी जरा नीट विचार करून मग केला.

त्या १९७३ च्या गोष्टी मात्र ऐकण्यासारख्या आहेत, मला स्वतःला फार आवडतात. इंग्लंडची कर्णधार रेचल हेहो फ्लिंट, तिच्या ओळखीचा जॅक हेवर्ड नावाचा धनाढ्य माणूस. त्याने ४० हजार पौंड काढून दिले आणि स्पर्धा उभी राहिली. संघ सात. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो. पुढे आकडा भरेना. मग इंग्लंडच्याच तरुण मुलींचा 'यंग इंग्लंड' आणि ठिकठिकाणच्या उरलेल्या खेळाडूंचा 'इंटरनॅशनल इलेव्हन' असे दोन आणखी उतरवले. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत एक संघ कमी पडला की आयोजक आपल्याच चुलतभावांना 'ब' संघ म्हणून मैदानात ढकलतो, तशातलाच प्रकार. २० जूनचा न्यूझीलंड-जमैका सामना लंडनच्या क्यू ग्रीनवर होता. पाऊस असा लागला की एक चेंडू पडला नाही. स्पर्धेला उपांत्य नाही, अंतिम नाही, सगळे सगळ्यांशी खेळणार आणि गुण मोजणार. पण नशीब असं की शेवटच्या दिवशी, २८ जुलैला, एजबॅस्टनला समोरासमोर आले ते इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच. एनिड बेकवेलने ११८ काढल्या, कर्णधाराने ६४. साठ षटकांत ३ बाद २७९. ऑस्ट्रेलियाची गाडी ९ बाद १८७ वर थांबली. चषक राजकन्या अ‍ॅन यांच्या हस्ते दिला. स्कर्ट घालून खेळल्या सगळ्या, त्याच स्कर्टमध्ये जमिनीवर सूर मारून चेंडू अडवले. आणि हे लॉर्ड्सवर का नाही, असं विचारू नका. लॉर्ड्सने बायकांना खेळायला पहिल्यांदा आत घेतलं १९७६ मध्ये, आणि त्या मैदानाचा मालक असलेल्या एमसीसीने बायकांना सभासदत्व द्यायचं ठरवलं १९९८ मध्ये. साहेबसुद्धा नीट विचार करूनच करतो.

आपण त्या सातांत नव्हतो. त्याच वर्षी आपल्याकडे महिला क्रिकेटची संघटना नुकती उभी राहत होती, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. पुढचा विश्वचषक १९७८ चा, तो थेट भारतात. कोलकाता, जमशेदपूर, पाटणा, हैदराबाद. चारच संघ. डायना एडलजी यांच्या नेतृत्वाखाली आपण तिन्ही सामने हरलो आणि कप ऑस्ट्रेलियाने नेला.

इथे खान्देशाचा हक्क सांगायची नामी संधी आहे, सोडू नका. त्या पिढीच्या खेळाडू मुलाखतींत सांगतात, की प्रवास विनाआरक्षित डब्यातून व्हायचा आणि मुक्कामाला बऱ्याचदा फरशीवर अंथरूण असायचं. आता मला सांगा, मुंबईहून पाटण्याला किंवा जमशेदपूरच्या टाटानगर स्टेशनला जायचं तर गाडी भुसावळला टाळून जाईल कशी? म्हणजे त्या पोरी आपल्या फलाटावर थांबल्या असणारच. किटबॅगवर बसून आपल्या रावेरच्या केळ्यांवर त्यांनी दिवस काढला, असं बिनधास्त ठोकून द्या. कोण तपासायला येतंय? त्यातून पुढे महिला खेळाडूंना नोकऱ्या दिल्या त्या मोठ्या प्रमाणात रेल्वेनेच. एडलजी रेल्वेच्या, मिताली राजसुद्धा रेल्वेची. आणि रेल्वेचा विभाग कुठे? भुसावळला. झालं की आपलं योगदान सिद्ध. डब्यात बसायला जागा कोणी दिली नव्हती, हा भाग वगळायचा.

विक्रमांच्या बाबतीत सावध राहा. एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक म्हटलं की सचिन, ग्वाल्हेर, २०१०. हे वाक्य टपरीवर म्हणायला हरकत नाही, सगळे माना डोलावतील. पण कोपऱ्यात एखादी कॉलेजची पोर उभी असेल तर गप्प बसा. ती सांगेल की १६ डिसेंबर १९९७ ला मुंबईतच ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने नाबाद २२९ केल्या होत्या. अशा वेळी "समोर डेन्मार्क होतं" एवढंच म्हणायचं आणि तंबाखू मळायला घ्यायची. त्याच दिवशी पुण्यात इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्सने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ काढल्या, वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना. एकाच दिवशी एकाच राज्यात एवढा मोठा तमाशा झाला, आणि आपण पयलेपाईन बघणारे नेमके कुठे होतो कोण जाणे. कापूस मोजायला गेलो असू.

२००५ चा अंतिम सामना झटपट उरकून टाका: सेंच्युरियन, ऑस्ट्रेलिया, ९८ धावांनी हार. मितालीनेच नंतर सांगितलं, की त्या वेळी एका सामन्याचे हजार रुपये मिळायचे. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत मालिकावीराला सायकल मिळते, हे इथे बोलायचं नाही. तोवर पुरुषांचं मंडळ या मुलींना ओळखतही नव्हतं, त्यांना पदराखाली घेतलं २००६ मध्ये. २०१३ चा विश्वचषक पुन्हा भारतात आला, तेव्हा वानखेडेवर ठरलेले सामने तिथून हलवले, कारण रणजीचा अंतिम सामना मुंबईला तिथेच खेळायचा होता. विश्वचषक काय, कुठेही होतो. या प्रसंगावर मत विचारलं तर "वेळापत्रकाचा घोळ" म्हणायचं. आपल्याकडे गावात मुलींचा खो-खो पटांगणातून हलवून शाळेच्या मागे नेतात तेव्हाही हेच कारण असतं, त्यामुळे तोंडाला सवय आहे.

भावनिक व्हायचं असेल तर २०१७ चा अंतिम सामना वापरा. लॉर्ड्स, प्रेक्षक खच्चून, समोर २२९ चं लक्ष्य. पूनम राऊत खेळतेय, आपण ३ बाद १९१. आणि मग इंग्लंडच्या अन्या श्रबसोलने ४६ धावांत सहा जणी उडवल्या, आपण २१९ वर संपलो, नऊ धावांनी. "त्या रात्री मी जेवलो नाही" असं म्हणा. बायको आतून काही बोलली तर टीव्हीचा आवाज वाढवा.

प्रादेशिक अभिमानाचंही बघून घेऊ. स्मृती मानधना सांगलीची. एरवी आपला निधी, आपलं पाणी, आपले उद्योग सगळं पश्चिम महाराष्ट्राने पळवलं म्हणून आपण बोटं मोडतो. या एका बाबतीत सांगली शिरपूरच्या अलीकडे आहे असं समजा. जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची, प्रशिक्षक अमोल मुझुमदार मुंबईचे. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना जेमिमाने नाबाद १२७ काढल्या, त्या रात्रीआधी तिच्यावर ग्रुपमध्ये काय काय लिहिलं जायचं तेही पुसायच्या यादीत घाला. आता ती लेक आहे. जिंकलेली प्रत्येक पोर लेक असते, हा नियम पक्का लक्षात ठेवा.

महिला दिनाचं नियोजन आत्तापासून हातात घ्या. ८ मार्च २०२० ला मेलबर्नला टी-२० विश्वचषकाचा भारत-ऑस्ट्रेलिया अंतिम सामना बघायला ८६,१७४ माणसं आली होती. त्याच दिवशी आपल्याकडे मंगल कार्यालयात उखाण्यांची स्पर्धा, संगीत खुर्ची आणि पहिल्या नंबरला पैठणी असा भरगच्च कार्यक्रम होता. यंदा काळाबरोबर चालायचं म्हणून संगीत खुर्चीच्या खुर्च्या निळ्या ठेवा. विजयी संघाला क्रिकेट मंडळाने ५१ कोटी जाहीर केले, आपण त्यातून प्रेरणा घेऊन पैठणीबरोबर एक स्टीलचा डबाही देऊ.

आता सगळ्यात नाजूक भाग. तुमच्या घरात एक पोर आहे. आमच्या शेजारी आहे तशी: सातवीत, अंगाने काटकुळी, डाव्या हाताने टाकते. खळ्यात पऱ्हाटीच्या तीन काड्या रोवून रोज संध्याकाळी भावाला गोलंदाजी करते. भाऊ बाद होतो आणि "ट्राय बॉल होता" म्हणतो. परवा तिने त्याला लागोपाठ तीनदा उडवलं, तिसऱ्यांदा मधली काडी मोडलीच. तो बॅट घेऊन मैदानावर निघून गेला, कारण बॅट त्याची आहे, मैदानही. ती काडी हातात घेऊन उभी राहिली, तेवढ्यात ओट्यावरून आजीची हाक आली: "चाल घर, अंधारं पडनं." मैदानावर तेव्हा अजून निम्मी षटकं बाकी होती. उजेड तिथे जरा जास्त वेळ टिकतो.

अशी पोर तुम्हाला एक दिवस विचारणार, की मला सरावाला पाठवाल का. घाबरून जाऊ नका, आणि नाही तर अजिबात म्हणू नका. विश्वचषक जिंकलेल्या देशात नाही म्हणणं शोभत नाही. हो म्हणा आणि हंगाम बघा. आत्ता कापूस वेचणी आहे, मजूर मिळत नाहीत. मग थंडी, मग परीक्षा. उन्हाळ्यात लग्नसराई, आखाजीला बहिणी माहेरी येणार, पोरींनी झोके खेळायचे दिवस ते, आणि आपल्याला पत्त्यांचा डाव मांडायचा असतो, चहा कोण करेल? मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको, पोर काळी पडेल. पावसाळ्यात मैदानावर चिखल. श्रावणात कानबाई, रोट, पाहुणे. नवरात्रानंतर नक्की बघू म्हणा. तोवर ती आठवीत जाईल, आणि आठवीत गेलेल्या पोरीला काय सांगायचं ते तिच्या आईला माहीत आहे, तुम्हाला बोलावंही लागणार नाही.