तमारा टका केटला?

आज दुपारी मला एका माणसाने विचारलं की फिल्ममध्ये माझा वाटा किती टक्के. तेव्हापासून डोकं तडकलंय. म्हणून ही पोस्ट, आणि ती लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका.

मी जिथे संकलन शिकवते त्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दरवर्षी आम्हाला एक तक्ता भरून द्यायचा असतो. काय छापलं, कुठे पेपर वाचला, कुठल्या सेमिनारला हजेरी लावली. यंदा त्यात 'सर्जनशील काम' असा रकाना वाढवलाय. मी खूश! गेल्या वर्षी हातावेगळा केलेला माहितीपट लिहिला, पुढे 'संकलन' लिहिलं, सही ठोकली. ऑफिसातल्या भाईंनी कागद परत सरकवला. "बेन, आमां तमारा टका केटला?"

कसले टक्के? तर शोधनिबंधाला असतात तसे. दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनाहून जास्त असले तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमावलीत आहे हे, भाई खोटं बोलत नव्हते. फिल्मसाठी वेगळं काही सुचलं नाही म्हणून आमच्याकडे तेच चिकटवलंय. म्हणजे डायरेक्टर हा मुख्य लेखक. मी, कॅमेरावाला, साउंडवाला आम्ही सगळे 'बाकीचे'.

भाईंवर राग नाही. त्यांनी मला चहा पाजला. पण तिथेच सही करायला आलेल्या एका प्राध्यापकांनी हसत हसत जे ऐकवलं, त्यानंतर तो चहा काही घशाखाली उतरेना. "मॅडम, एडिटिंग म्हणजे शेवटी सॉफ्टवेअरच ना? ते आता स्किल पेपरमध्येच टाकतोय आपण. दोन क्रेडिट."

दोन क्रेडिट. म्हणजे एक छोटासा विषय. बरं.

मी पुण्याला संकलन शिकले आणि मुंबईत उमेदवारी सुरू केली तेव्हा माहितीपट १६ मिलिमीटरवर व्हायचे. ताडदेवला एक खोली, त्यात फिल्म बघून कापायचं स्टीनबेकचं टेबल, आडव्या फिरणाऱ्या थाळ्या, शेजारी कापडी अस्तराची मोठी पेटी आणि तिच्यावरच्या पिनांना टांगलेले फिल्मचे तुकडे. हातात पांढरे मोजे. चित्र एका पट्टीवर, आवाज दुसऱ्या तपकिरी चुंबकी पट्टीवर, दोन्ही हातात हात घालून चालवायच्या. ज्यांच्या हाताखाली मी होते त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. इथेही तेवढंच म्हणते.

फिल्म नर्मदेच्या विस्थापितांवर होती. त्यातल्या पुष्कळांना आपल्याच बडोदा जिल्ह्यात वसाहती करून दिल्या. डभोईकडे, वाघोडियाकडे गेलात तर अजून दिसतील. मी बडोद्याची म्हणून सरांनी मला रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, ऐकायला बसवलेलं, बोली थोडी तरी कळेल म्हणून. एका आजीची मुलाखत होती. बाहेरून प्रश्न येतो, नव्या घरात सुखी आहात का? आजी काही बोलत नाही. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. मग रोल संपता संपता कॅमेरामन विचारतो, पाणी हवंय? आजी म्हणते, "हां."

ते 'हां' मी मोजलं होतं. १२ फ्रेम. अर्धा सेकंद. १६ मिलिमीटरमध्ये जेमतेम बोटभर फिल्म.

डायरेक्टर म्हणाले, हे 'हां' उचला आणि 'सुखी आहात का'च्या मागे लावा. सरांनी टेबलाचा दिवा बंद केला. शांतपणे म्हणाले, "लावतो. पण प्रिंट निघाली की पहिला खेळ त्या वसाहतीत करायचा. आजीच्या शेजारी तू बसायचंस." डायरेक्टर हसले. दोन दिवसांनी सगळे डबे उचलून दुसऱ्या एडिटरकडे घेऊन गेले. आमचे पैसे बुडाले ते बुडालेच. फिल्म लागली, त्यात आजी सुखी होती.

आता मला सांगा, त्या १२ फ्रेमचे टक्के किती लावायचे? ते तुकडे उचलायचे की नाही हे कुठलं सॉफ्टवेअर शिकवतं? स्किल पेपरच्या कुठल्या युनिटमध्ये बसवू हे? 'कंट्रोल सी, कंट्रोल व्ही' नावाच्या?

माहितीपटाला पटकथा नसते हो. निदान आधी तरी नसते. डायरेक्टर गावात जातो, उन्हात उभा राहतो, माणसं बोलतात, तो पन्नास-साठ तासांचं काहीतरी घेऊन येतो आणि माझ्यासमोर ठेवून विचारतो, यात फिल्म आहे का? मग आम्ही बसतो. प्रत्येक मुलाखत लिहून काढायची, कार्डं करायची, भिंतीवर डकवायची, काढायची, परत डकवायची. जो शेवट वाटत होता तो सुरुवातीला येतो, ज्या माणसासाठी गेलो तो फिल्ममधून बाहेर पडतो आणि ज्याच्याकडे कॅमेरा चुकून वळला तो फिल्म खाऊन टाकतो. पटकथा तिथे लिहिली जाते, त्या खोलीत. महिनोन् महिने.

मान्य, कल्पना डायरेक्टरची. पैशासाठी दारोदार फिरतो तोच, शिव्या खातो तोच. ठीक आहे. पुढे.

आणि ज्या गावात बसून हे टक्के काढताहेत ते गाव कोणतं? दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली संस्था. तिथे बेंचवर बसून ते फोटोग्राफी शिकले, आणि पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं कोण पाडत होतं? त्यांची बायको, सरस्वतीबाई. रात्री, अंधारात, घरातली कामं उरकून. फिल्म धुवायलाही त्याच. घ्या, लिहा तक्त्यात. तमारा टका केटला, सरस्वतीबेन?

रशियन दिग्दर्शक व्हेर्तोवच्या १९२९ च्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'मध्ये त्याची बायको एलिझावेता स्विलोवा पडद्यावर दिसते, एडिटिंगच्या टेबलाशी. हातात तुकडा, समोर थांबलेली चित्रं, तिने जोडलं की ती चालायला लागतात. दर वर्षी मी तेवढा भाग वर्गात दोनदा दाखवते. आणि अमेरिकेत माहितीपट करणाऱ्या मेझल्स बंधूंनी १९६९ च्या 'सेल्समन'ला त्यांची एडिटर शार्लट झ्वेरिनचं नाव आपल्या बरोबरीने डायरेक्टर म्हणून टाकलं. का? ती तर कॅमेरा घेऊन दारोदार गेली नव्हती. पण ती फिल्म कशाची आहे हे टेबलावर तिने शोधून काढलं, आणि हे त्या दोघांना कळत होतं. त्यांच्याकडे तक्ता नसावा.

माझं स्वतःचं सांगते. आमच्या घरी मी काय करते हे कुणालाच कधी कळलं नाही. आई दांडिया बाजारात सगळ्यांना सांगायची, "आमची टीव्हीत आहे." मग रविवारी सकाळी वाड्यातली बिऱ्हाडं दूरदर्शनसमोर बसायची, मी दिसेन म्हणून. मी कशी दिसणार? शेवटी नावं भर्रकन वर जायची आणि कुणीतरी ओरडायचं, "आलं आलं!" तोवर बातम्या सुरू. तात्या एकदा म्हणाले, नाव जरा हळू न्यायला सांग ना त्यांना, तुझ्याच हातात आहे ना ते? त्यांना वाटायचं तसं ते माझ्याच हातात होतं, खरं म्हणजे. पण आपलंच नाव लांबवायचं म्हणजे अगदीच.

हे लिहिताना हसू आलं, राग थोडा उतरला.

स्टीनबेक गेलं, व्हिडिओ टेपचं यू-मॅटिक आलं, बीटाकॅम आलं, मग कॉम्प्युटरवरचं ॲविड. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, आता एडिटरची गरज संपली. प्रत्येक वेळी मी नवीन बटणं शिकले. पंधरवड्यात येतात बटणं. मग तात्या आजारी पडले आणि मी बडोद्याला परत आले. इथे तेव्हा माहितीपटाचं काम म्हणजे लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या दुकानात बसायचं. तेव्हा कुणीतरी विचारलं, शिकवाल का? अकरा महिन्यांचा करार, हंगामी. तो अजून हंगामीच आहे. तात्या गेले, आई गेली, करार आहे तिथेच.

पीएच.डी. नाही माझ्याकडे, प्राध्यापकीची नेट परीक्षाही नाही. नियम आहे, आणि नियम नसता तर कुणाचाही भाचा येऊन शिकवत बसला असता, हेही खरंच. २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलं तेव्हा विद्यार्थ्यांनी मला पेढे आणून दिले होते. पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव हवा. मला वाटलं, देवाने ऐकलं. मग बारीक अक्षरं वाचली. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच, मुदत तीन वर्षं, फार तर एक वर्ष वाढवून, त्यापुढे नाही. म्हणजे चार वर्षांत माझी प्रॅक्टिस संपणार! शिवाय आमच्याकडे 'अजून विचाराधीन' आहे. पेढे मात्र चांगले होते.

पण शिकवणं मला आवडतं. हे कबूल करायला लाज वाटते इतकं आवडतं. सकाळी फतेहगंजला सेव-उसळ खाऊन वर्गात शिरायचं आणि वीस वर्षांच्या पोरांना छळायचं.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना आजीचं 'हां' देते. ती फिल्म माझ्याकडे नाही, म्हणून आमच्या कँटीनवाल्या काकांचं एक 'हां' मी मोबाइलवर घेऊन ठेवलंय. तेवढंच 'हां', आणि तीन प्रश्न. तुम्ही खूश आहात का? पैसे चोरले का? पोरगी परत आली का? पोरं जोडतात, बघतात, आधी खोखो हसतात. काका पहिल्या कटमध्ये समाधानी, दुसऱ्यात चोर, तिसऱ्यात अख्खा वर्ग गप्प. असाच प्रयोग केलेला रशियन दिग्दर्शक कुलेशोव वगैरे पुस्तकात आहेच, ते मी नंतर सांगते. मग विचारते, काकांना खरं काय विचारलं होतं? मी विचारलं होतं, सुट्टे आहेत का. मग कुणीतरी म्हणतंच, "मॅम, पण इम्पॅक्ट तिसऱ्याचा आहे." तिथून माझा विषय सुरू होतो आणि वर्षभर संपत नाही. दोन क्रेडिट!

एक मुलगा गेल्या वर्षी आला, आजोबांवर फिल्म केलेली. आजोबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली. त्याने आजोबांच्या रडण्यावर फिल्म संपवलेली. मी म्हटलं, रडण्याआधी तू काय विचारलंस? त्याने प्रश्न कापून टाकला होता. म्हटलं, लाव परत. त्याने विचारलं होतं, "आजोबा, एकदा परत सांगाल, मघाशी कॅमेरा बंद होता." तो प्रश्न राहिला फिल्ममध्ये. बघणाऱ्याला आता आजोबांबरोबर नातूही दिसतो, आणि नातू जरा निर्दय दिसतो. त्याला ते आवडलं नाही, आईला तर मुळीच आवडलं नाही. पण ठेवलं त्याने. हे त्याने ठेवलं, मी नाही. मार्क मी त्याला भरपूर दिले, इतके की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कमी करायला लावले.

आणि हे सगळं 'सॉफ्टवेअर'.

एआयचं मला कॉमेंटमध्ये सांगू नका. वापरलंय मी. मुलाखत टाकली की ते उसासे, अडखळणं, रिकाम्या जागा सगळं पुसून स्वच्छ करून देतं. लिखापढीला छान आहे, माझे डोळे वाचतात, एवढं म्हणेन. त्या आजीची मुलाखत दिली असती तर त्याने सगळ्यात आधी पदर गुंडाळणं उडवलं असतं, रिकामी जागा म्हणून, आणि 'हां' ठेवलं असतं, कारण तेवढाच एक शब्द आहे. म्हणजे त्या डायरेक्टरचं काम फुकटात. ताडदेवला डबे उचलून न्यायचे कष्टसुद्धा नाहीत.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावावर किती फिल्म आहेत हे शोधायला गेलात तर निम्म्याही सापडणार नाहीत. ज्या सोडल्या त्या तर सापडणारच नाहीत, त्यांची यादी कुठल्या रकान्यात मावते? मला वाटतं सर आज त्या ऑफिसात असते तर भाईंना म्हणाले असते, टाका शून्य, आणि चहा सांगा अजून एक. मला तसं जमत नाही. मी त्या प्राध्यापकांना म्हटलं, साहेब, तुमच्या पीएच.डी.त तुमच्या गाइडचे टक्के किती? त्यांचं हसू गेलं. आता करार वाढेल की नाही बघायचं.

जाऊ दे. मूळ काम सांगायचं राहिलं. पोरांनी फिल्म कधी हातात धरलेली नाही. आमच्या विभागातलं जुनं टेबल माझ्या आधीच भंगारात गेलं. आपल्याकडे बडोद्यात, अहमदाबादेत, कुणा जुन्या स्टुडिओवाल्याकडे १६ मिलिमीटरचा स्प्लायसर (फिल्म जोडायचा), रिवाइंडर (गुंडाळायचा), कोऱ्या किंवा खराब झालेल्या फिल्मचे डबे पडले असतील तर भंगारवाल्याला देऊ नका, मला मेसेज करा. वास मारत असला तरी चालेल. सुरसागरपासून राजमहाल रोडपर्यंत कुठेही असलं तरी रिक्षा करून मी येते. स्टीनबेक असेल तर टेम्पो करते. पैसे फार देऊ शकत नाही.