आर्थरच्या घरात मसाले, मन्रोच्या थडग्यात मन्रोच नाही

न्यूयॉर्कमधल्या ‘राष्ट्राध्यक्षांच्या अनवट जागा’ अशा याद्या करणाऱ्यांना त्याच यादीमागे भर उन्हात पायपीट करायला लावली पाहिजे. पोचल्यावर दिसतं काय, तेवढं सोडून सगळं लिहितात!

123 लेक्सिंग्टन अव्हेन्यू घ्या. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड गेल्याची बातमी आली आणि 20 सप्टेंबर 1881 च्या मध्यरात्रीनंतर उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थरने याच आपल्या घरात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. आज खाली कालुस्त्यान्स हे मसाल्यांचं दुकान, वर भाड्याची घरं. शपथेची खोली बघायला मिळत नाही. ‘हे संग्रहालय नाही’ एवढे तीन शब्द लिहायला हात दुखतात का? 6 नंबरच्या सबवेने 28व्या स्ट्रीटला उतरा, पूर्वेकडे एक ब्लॉक चाला, पाटी वाचा, हिंग घ्या नि निघा. आर्थरचा पुतळा मॅडिसन स्क्वेअर पार्कात आहे, तो वाटेतच उरकतो.

तिथून दक्षिणेला 28 ईस्ट 20वा स्ट्रीट, थिओडोर रूझवेल्टचं ‘जन्मघर’. कसलं जन्मघर! मूळ घर 1916 मध्ये पाडलं, आत्ताचं 1923 मधली प्रतिकृती. फर्निचर बरंचसं कुटुंबाकडचं आहे, म्हणून जावं. पण ‘याच भिंतींत जन्मला’ असं छापणाऱ्यांनी निदान सालं तरी बघावीत.

वॉल स्ट्रीटवरही तेच. 1789 मध्ये वॉशिंग्टनने शपथ घेतली ती ‘फेडरल हॉल’ची इमारत 1812 मध्येच गेली. खांबांची आत्ताची इमारत 1842 ची, जकात कचेरी म्हणून बांधलेली. शपथ घेताना तो ज्या दगडावर उभा होता तो आत ठेवलाय. बाहेरच्या पुतळ्यासोबत फोटो काढून लोक परततात, कारण आत जा असं कुणी सांगतच नाही. वॉशिंग्टनचं चेरी स्ट्रीटचं घर शोधणाऱ्याच्या हाती लागते ब्रुकलिन ब्रिजच्या बुंध्यावरची एक पाटी.

आणि सगळ्यात मोठा घोळ राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रोचा. जवळजवळ एकाच नावाच्या दोन दफनभूम्या, चालत दोन मिनिटांवर! ‘न्यूयॉर्क मार्बल सिमेट्री’ सेकंड अव्हेन्यूवरच्या बोळातून आत. मन्रोला 1831 मध्ये पुरलं ते ‘न्यूयॉर्क सिटी मार्बल सिमेट्री’त, ईस्ट 2ऱ्या स्ट्रीटवर, फर्स्ट आणि सेकंड अव्हेन्यूच्या मधे. ‘सिटी’ हा एक शब्द गाळला की माणूस भलत्याच फाटकाशी. बरोबर फाटक गाठलंत तरी ते बहुतेक वेळा बंद, गजांतूनच बघायचं. आणि बघायचं काय? मन्रोला 1858 मध्येच उकरून व्हर्जिनियात रिचमंडला नेलंय.